घरभेदी ओळखणारे शिपाई

उघड्या मैदानात चालून येणाऱ्या शत्रूपेक्षा घरभेद्याचे भय अधिक असते. भक्कम तटबंदीचे कित्येक किल्ले तोफांनी पडले नाहीत. आतून कोणी दिंडी उघडली म्हणून पडले. माणसाच्या शरीराचीही पुष्कळ अंशी हीच कथा आहे.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशींची एक फौज रात्रंदिवस गस्त घालीत असते. तिच्यातील टी-पेशी हे अत्यंत तिखट शिपाई होत. परका जंतू शिरलेली पेशी दिसली की ते तिला गाठून ठार करतात. परंतु कर्करोगाची पेशी परकी नसते. ती शरीराचीच एक पेशी. आपली मर्यादा सोडून ती बेफाम वाढू लागते इतकेच. तिचा पेहराव घरच्या माणसाचा असतो, म्हणून पुष्कळदा पहारेकरी तिला हटकीतही नाहीत. अशा वेळी वैद्यांपाशी तीन शस्त्रे होती : शस्त्रक्रिया, किरणांचा मारा आणि जहाल औषधे. या तिन्हींनी असंख्य रोग्यांचे प्राण वाचविले आहेत. पण औषधे आणि किरण यांच्या तडाख्यात शत्रूबरोबर सज्जनही सापडतात. त्यापेक्षा शरीराच्या शिपायांनाच घरभेदी ओळखावयास शिकविता आले तर?

ज्यांनी या प्रश्नाचा अनेक वर्षे पिच्छा पुरविला, त्यांत अमेरिकेतील डॉ. कार्ल जून यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म १९५३ सालचा. तरुणपणी व्हिएतनामच्या युद्धाचे दिवस असल्यामुळे ते नौदलाच्या विद्यालयात गेले, आणि पुढे नौदलाच्याच सेवेत राहून डॉक्टर झाले. १९८३ साली ते सिएटल येथील हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्रात दाखल झाले. तेथे डॉ. डॉनल थॉमस हे एका माणसाच्या हाडातील मज्जा दुसऱ्याच्या शरीरात घालून रक्ताचा कर्करोग बरा करीत असत. त्या मज्जेबरोबर आलेल्या परक्या टी-पेशी रोग्याच्या अंगातील उरलासुरला कर्करोगही शोधून मारतात, असे तेथे दिसून आले होते. शिपायांत बळ आहे, त्यांना फक्त शत्रूची ओळख पटली पाहिजे, ही गोष्ट जून यांच्या मनात तेथे पक्की झाली.

नंतर ते बेथेस्डा येथील नौदलाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत आले. तेथे त्यांना काम मिळाले ते कर्करोगाचे नव्हे, तर जंतुजन्य रोगांचे आणि एड्सचे. वरवर पाहता हा आडमार्ग होता. परंतु पुढच्या कार्याची दोन मुख्य साधने त्यांना याच आडमार्गावर सापडली.

पहिले साधन म्हणजे टी-पेशी शरीराबाहेर वाढविण्याची युक्ती. टी-पेशी एका खुणेने लढावयास सज्ज होत नाही. तिला दोन खुणा लागतात. पहिली खूण म्हणते, ‘शत्रू दिसला’. दुसरी म्हणते, ‘आता चाल कर’. जून आणि त्यांचे सहकारी ब्रूस लेव्हिन यांनी पेशीहूनही लहान असे चुंबकीय मणी घेतले आणि त्यांवर या दोन्ही खुणा करणारे रेणू चिकटविले. मणी पेशींना भिडताच पेशी भराभर वाढू लागल्या. काम होताच चुंबकाने मणी काढून घ्यावयाचे, की मागे उरते ती निव्वळ फौज!

दुसरे साधन मोठे विलक्षण होते. एड्सचा विषाणू टी-पेशीत शिरण्यात आणि आपली जनुके तिच्या जनुकांत गुंफण्यात अत्यंत तरबेज असतो. ज्या चोराला घराच्या सगळ्या वाटा ठाऊक, त्याचेच दात पाडून त्याला जासूद केले तर? विषाणूची रोग उत्पन्न करण्याची शक्ती काढून टाकावयाची आणि त्याच्या हाती आपल्याला हवे ते जनुक द्यावयाचे, अशी ही योजना होती.

पण ते जनुक कोणते? याचे उत्तर दुसऱ्या देशात तयार होत होते. १९८९ साली इस्रायलमधील वाइझमान संस्थेत झेलिग एशर व त्यांचे सहकारी यांनी एक जोड-रेणू घडविला. शत्रूला नेमके पकडण्याचे काम प्रतिपिंडे उत्तम करतात, आणि पकडलेल्याला मारण्याचे काम टी-पेशी. एशर यांनी प्रतिपिंडाचा पंजा टी-पेशीच्या देहाला जोडला. ग्रीक पुराणात सिंह, बकरा आणि सर्प मिळून झालेला कायमेरा नावाचा प्राणी आहे. त्यावरून या रेणूचे नाव पडले. आपल्याकडील नरसिंहाची मूर्ती डोळ्यांपुढे आणली, म्हणजे कल्पना स्पष्ट होईल. हा रेणू बसविलेल्या पेशींना ‘कार टी-पेशी’ असे म्हणतात.

१९९९ साली जून नौदल सोडून फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आले. त्यांच्या पत्नीला अंडाशयाचा कर्करोग झाला होता. नवनवे उपचार होऊनही २००१ साली त्यांचे निधन झाले. यानंतर जून यांनी आपली बहुतेक शक्ती या एकाच रोगाविरुद्ध लावली.

२०१० साली रक्ताच्या कर्करोगाच्या तीन प्रौढ रोग्यांवर पहिला प्रयोग झाला. त्यांच्याच रक्तातील टी-पेशी काढून, त्यांत नवे जनुक घालून, त्या वाढवून पुन्हा रक्तात सोडल्या. या शिपायांना एकच खूण शिकविली होती : बी-पेशींच्या अंगावरील ‘सीडी १९’ नावाचा रेणू. या रोगात बिघडतात त्या बी-पेशीच. काही दिवसांनी रोग्यांना हुडहुडी भरून सडकून ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा तिघांपैकी दोघांच्या शरीरात कर्करोगाचा मागमूस उरला नव्हता! रक्तात सोडलेल्या एकेका पेशीने सरासरी हजाराहून अधिक रोगट पेशी मारल्या होत्या. इतके होऊनही पुढच्या रोग्यांसाठी पैसा शिल्लक नव्हता. मोठ्या शोधांच्या हकिकतींत हा भाग सहसा गाळला जातो. पण २०११ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा कोठे मदतीचा ओघ सुरू झाला.

खरी कसोटी पुढेच होती. पेनसिल्व्हेनियातील एमिली व्हाइटहेड या बालिकेला वयाच्या पाचव्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला. औषधांनी तो दोनदा हटला आणि दोन्ही वेळा उलटला. एप्रिल २०१२ मध्ये फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात डॉ. स्टीफन ग्रुप यांच्या देखरेखीखाली तिला कार टी-पेशी देण्यात आल्या. हा उपचार एका बालकावर प्रथमच होत होता. थोड्याच दिवसांत तिला भयंकर ताप चढला, रक्तदाब ढासळला, श्वासासाठी यंत्र लावावे लागले. ती बेशुद्ध झाली. फौज लढत होती खरी; पण लढाईच्या वणव्यात रणभूमीच जळून जाईल अशी वेळ आली. मूल वाचण्याची आशा नाही, असे विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांना कळविणारे पत्र जून यांनी लिहूनही ठेवले. ती मुलगी गेली असती, तर तिच्याबरोबर या उपचाराचे भवितव्यही बहुधा तेथेच संपले असते.

तिच्या रक्ताची पुन्हा कसून तपासणी झाली. तीत ‘इंटरल्यूकिन ६’ नावाचे एक द्रव्य नेहमीच्या कितीतरी पट वाढलेले आढळले. पांढऱ्या पेशी परस्परांना निरोप धाडण्यासाठी अशी द्रव्ये वापरतात. येथे निरोपांचाच पूर लोटला होता. हे नाव जून यांच्या विशेष परिचयाचे होते. त्यांच्या स्वतःच्या मुलीला बालवयातील संधिवात होता आणि त्यावरच्या नव्या औषधाची बातमी ते ठेवून होते. ओसाका विद्यापीठातील तादामित्सु किशिमोतो यांच्या संशोधनातून निर्माण झालेले ‘टोसिलिझुमॅब’ हे ते औषध. ते नेमक्या याच द्रव्याची वाट अडविते. अशा रोग्याला ते पूर्वी कोणी दिलेले नव्हते. डॉक्टरांनी ते एमिलीला दिले. काही तासांतच ताप उतरू लागला. २ मे रोजी, आपल्या सातव्या वाढदिवशी, तिने डोळे उघडले. पुढे तिच्या हाडातील मज्जा तपासली, तेव्हा कर्करोगाची एकही पेशी सापडली नाही.

त्यानंतरची वाटचाल झपाट्याने झाली. ३० ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेच्या सरकारने या उपचारास मान्यता दिली. २०१० सालच्या त्या दोन रोग्यांच्या रक्तात दहा वर्षांनंतरही ते शिपाई पहारा देत असल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले. मात्र हा उपचार सर्वगुणसंपन्न आहे असे कोणी समजू नये. तो सर्वांनाच लागू पडत नाही. काहींचा रोग पुन्हा उलटतो. ‘सीडी १९’ची खूण निरोगी बी-पेशींवरही असते, म्हणून त्याही मारल्या जातात, आणि काही रोग्यांना बाहेरून प्रतिपिंडे पुरवावी लागतात. फुप्फुस, यकृत यांसारख्या अवयवांतील घट्ट गाठींपुढे तर या शिपायांची मात्रा अद्याप फारशी चाललेली नाही. शिवाय खर्च! अमेरिकेत २०१७ साली एका रोग्याच्या उपचाराची किंमत ४,७५,००० डॉलर ठेवण्यात आली होती.

एवढी रक्कम आपल्याकडील किती कुटुंबांना झेपणार? म्हणून मुंबईच्या आय.आय.टी.मधील प्राध्यापक राहुल पुरवार व त्यांचे सहकारी यांनी टाटा स्मारक केंद्रातील डॉक्टरांच्या सहकार्याने अशाच पेशी येथे घडविण्याचे काम हाती घेतले. जून २०२१ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे पहिल्या रोग्यास त्या देण्यात आल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार १९’ या नावाने या उपचाराला भारतात मान्यता मिळाली. त्याची किंमत अमेरिकेतील किमतीच्या सुमारे दशांश आहे. सामान्य घराला तीही जडच आहे, आणि ती आणखी कशी उतरेल याचे प्रयत्न चालू आहेत.