क्रोधामागील भाव : निग्रहापूर्वी निदान

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण चक्रवर्तींनी जीवाच्या पतनाची जी साखळी सांगितली आहे, तीत क्रोध हे पहिले कडे नाही. आधी विषयांचे चिंतन, चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून कामना आणि कामनेला अडथळा आला की क्रोध, असा तो क्रम आहे. म्हणजे क्रोध चौथा. त्यापुढे संमोह, स्मृतिभ्रंश व बुद्धिनाश. साधक बहुधा पुढच्या कड्यांना भितो आणि चौथे कडे मुठीत दाबून धरतो. मागची तीन कडी मात्र वळून पाहत नाही. म्हणून दाबलेला क्रोध दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच निमित्ताने वर येतो.

त्याच अध्यायात स्थितप्रज्ञाचे लक्षण सांगताना राग, भय व क्रोध ही तीन नावे एकाच समासात गुंफली आहेत. येथे ‘राग’ म्हणजे आसक्ती. मराठीने मात्र याच शब्दाचा अर्थ क्रोध असा केला. आपल्या भाषेने केलेला हा फेरफार अज्ञानाचा म्हणावा की अनुभवाचा, याचा विचार करण्यासारखा आहे. ज्यावर माया अधिक, त्याच्यावरच मनुष्य अधिक रागावतो, हे घरोघरी दिसते. समासातला मधला शब्द तर विशेष लक्षात घ्यावा. आसक्ती व क्रोध यांच्या मध्ये भय बसले आहे.

प्रसंगाने येणारा क्रोध आणि वारंवार येणारा क्रोध यांत भेद आहे. अन्याय समोर घडला व मन खवळले, तर त्याचे कारण समोरच असते. परंतु चहा निवला, दाराची कडी नीट लागली नाही, पोराने उत्तर द्यायला क्षणभर उशीर केला, एवढ्यावरून जो रोज पेटतो, त्याच्या क्रोधाचे कारण चहात नाही आणि कडीतही नाही. निमित्त तिळाएवढे व भडका डोंगराएवढा असेल, तेव्हा आत दुसरा भाव दडला आहे असे निश्चित समजावे.

या विषयाचे सर्वोत्तम उदाहरण महाभारताच्या कर्णपर्वात आहे. कर्णाच्या बाणांनी जर्जर झालेला युधिष्ठिर रण सोडून शिबिरात पडून होता. त्याच्या काळजीने श्रीकृष्ण व अर्जुन तेथे आले. कर्णाचा वध करूनच हे आले, अशा समजुतीने युधिष्ठिर आनंदला. बोलण्याच्या ओघात त्याने हेही सांगितले की, तेरा वर्षे या कर्णाच्या भयाने त्याला रात्री झोप नव्हती व दिवसा सुख नव्हते. कर्ण जिवंत आहे असे कळताच मात्र तोच युधिष्ठिर अर्जुनावर तुटून पडला. गांडीव धनुष्य दुसऱ्याला देऊन टाक, इथवर तो बोलला. असे बोलणाऱ्याचा शिरच्छेद करीन, अशी अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा होती. त्याने तलवार उपसली.

येथे श्रीकृष्ण चक्रवर्तींनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी प्रथम विचारले, येथे वध करण्याजोगा कोण आहे? मग त्यांनी युधिष्ठिराच्या शब्दांना उत्तर दिले नाही, त्या शब्दांचे मूळ दाखविले. राजा थकला आहे, दुःखी आहे, कर्णाच्या बाणांनी घायाळ झाला आहे, म्हणून तो असे बोलला. क्रोधाच्या आड वेदना होती, भय होते, आणि रणातून माघार घ्यावी लागल्याची लाज होती. धर्मराज म्हणून ज्याची ख्याती, त्याची ही अवस्था होते, तर इतरांची कथा काय?

प्रसंग एवढ्यावर संपत नाही. प्रतिज्ञा राखण्यासाठी अर्जुनाने वडील भावास एकेरी संबोधून कठोर शब्द ऐकविले, कारण थोरांचा अवमान हाच त्यांचा वध. लगेच त्याने पुन्हा तलवार उपसली, या वेळी स्वतःच्या मानेसाठी. पहिली तलवार अपमानातून निघाली, दुसरी पश्चात्तापातून, पाते एकच. श्रीकृष्णांनी दोन्ही वेळा हात धरला. मग युधिष्ठिर वनात जावयास निघाला, त्याची समजूत घातली गेली, आणि ते दोघे भाऊ बराच वेळ रडले. क्रोधाच्या आड जे होते, ते शेवटी अश्रूंच्या रूपाने बाहेर आले.

चाकूर, अहमदपूर, लातूर या भागातील वासनिकांना याचे प्रत्यंतर दूर शोधावयास नको. सन २०१४ व २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे पाऊस रुसला आणि लातूर शहराला पाणी देणारा धनेगावचा मांजरा प्रकल्प कोरडा पडला. टँकरभोवती व पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ लागली. मार्च २०१६ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी तेव्हाच्या फौजदारी संहितेचे कलम १४४ लावून अशा ठिकाणी जमाव करण्यास मनाई केली. आदेश आवश्यकच होता. पण आदेशाने तहान भागत नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरास आली. घागरीवरून शेजाऱ्याला ढकलणारा मनुष्य शेजाऱ्याचा वैरी नव्हता. घरी लेकरे तहानलेली होती व उद्या पाणी मिळेल की नाही, याची धास्ती त्याला होती. साधकाने यावरून बोध घ्यावा. क्रोधाचा निग्रह हे मनाला लावलेले १४४ कलम आहे. ते लावावे; परंतु पाण्याचीही तजवीज करावी.

दुसरा दडलेला भाव शोकाचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरत असताना, किल्लारी व सास्तूर परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या व हजारो जीव गेले. आपल्याकडे पुरुषाने रडू नये अशी रीत आहे. ज्या शोकाला रडण्याची वाट मिळत नाही, तो दुसरी वाट काढतो. रागावलेला पुरुष लोकांना चालतो, रडणारा चालत नाही. मग शोक रागाचे वस्त्र पांघरून वर्षानुवर्षे घरात वावरतो. घरातली माणसे म्हणतात, स्वभावच तापट आहे.

तिसरा भाव लज्जेचा, आणि हा सर्वांत खोल दडतो. सोयाबीनला भाव नाही, कर्जाचा हप्ता थकला, मुलीचे लग्न तोंडावर आले. यातले काहीही बायकोला सांगवत नाही. मग भाजीत मीठ जास्त झाले म्हणून ताट भिरकावले जाते. हा क्रोध बाहेर जातो तोवर घर होरपळते. तो आत वळला म्हणजे अर्जुनाची दुसरी तलवार. मराठवाड्याने अशा किती तलवारी पाहिल्या, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. तेथे हात धरणारा कोणी तरी हवा. १४४१६ या क्रमांकावर शासनाची टेली-मानस सेवा आहे. तिचा उपयोग करण्यात कमीपणा मानू नये. देहाच्या रोगासाठी वैद्याकडे जाणे जसे आचाराआड येत नाही, तसेच हेही.

आश्रमही या विकारातून सुटलेले नाहीत. शिष्य दुसऱ्या महंतांकडे अध्ययनास गेला म्हणून जो गुरू महिनाभर धुसफुसतो, त्याच्या क्रोधाखाली आपली गरज संपल्याचे भय असते. ज्याचे स्मरण सुटले, तो भिक्षू दुसऱ्याच्या आचारातील उणिवा अधिक तावाने काढतो. त्याला टोचत असते स्वतःचीच उणीव.

शंका : क्रोधामागे दुःख आहे, म्हणून क्रोधी मनुष्य निर्दोष ठरतो काय?

समाधान : नाही. वाचेने दुखविणे हीही हिंसाच, हात उगारणे तर उघडच. निदान म्हणजे क्षमापत्र नव्हे. आपल्या क्रोधाचे मूळ शोधणे हे क्रोध करणाऱ्याचे कर्तव्य आहे. मार खाणाऱ्या स्त्रीने किंवा लेकराने ते शोधीत बसावे, असा याचा अर्थ करणे हा अधर्म होय. तिने आधी सुरक्षित जागी जावे.

शंका : श्रीगोविंदप्रभूंच्या चरित्रात रागावण्याच्या, प्रसंगी ताडनाच्याही लीळा आहेत. त्यांचे काय?

समाधान : ती ईश्वरी लीळा, तिच्यामागे भय नाही, शोक नाही, लज्जा नाही. जीवाने तिचे स्मरण करावे, अनुकरण करू नये. आपल्या तापटपणाला राउळांचे नाव देणारा दुहेरी दोषी होतो.

आता करावयाचे काय? क्रोध चढलेला असताना विचार होत नाही. तेव्हा फक्त जिभेला थांबवावे व जागा सोडावी. सायंकाळी विजनात बसून दिवसातला एकच प्रसंग घ्यावा आणि विचारावे की, त्या क्षणाच्या आधी मन कशाला भ्याले होते, काय गमावले असे त्याला वाटले, कोणापुढे उघडे पडले? पहिले उत्तर बहुधा दुसऱ्याला दोष देणारे येते. ते बाजूस ठेवून पुन्हा विचारावे. खरे उत्तर सापडले की अनुशोच आपोआप होतो, आणि मग ज्याला बोललो त्याच्याकडे जाऊन नुसते ‘चुकले’ म्हणण्याऐवजी ‘मला अमुक भीती वाटत होती’ असे सांगता येते. हे वाक्य वासनिकाला जड जाते. महंतांना तर त्याहून अधिक जड.

भिक्षेच्या वेळी दारात कोणी कठोर बोलले, तर भिक्षूने उत्तर न देता पुढे जावे, हे सर्व जाणतात. जाताना मनात विकल्प न ठेवता एवढे पाहून घ्यावे की, त्या घरी आज चूल पेटली आहे किंवा नाही.