गुळवेलीची परीक्षा आणि आर्वीचे विद्यार्थी

बारावीचा आणि ‘नीट’चा निकाल लागून एम.बी.बी.एस.चा प्रवेश आवाक्याबाहेर गेल्याचे दिसले, की आर्वीसारख्या तालुक्याच्या गावी पुष्कळ घरांतून ‘निदान बी.ए.एम.एस. तरी करू दे’ असा तोडगा निघतो, आणि ज्या आयुर्वेदशास्त्राला आयुष्य वाहायचे त्याच्या दारात विद्यार्थी पहिल्याच दिवशी पराभूत मनाने पाऊल टाकतो. पालकांची चिंता रास्त आहे; परंतु नाइलाजाने पत्करलेला मार्ग आणि त्यावरचे कार्य ओळखून निवडलेला मार्ग, यांत महदंतर आहे.

हे कार्य कोणते, ते आपल्या शिवारातल्या एका वेलीवरूनच कळेल. धुऱ्यावरच्या कडुनिंबावर चढलेली गुळवेल इकडच्या शेतकऱ्यास परिचित आहे, आणि तापात तिचा काढा देण्याची रीत जुनी आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी, पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या आणि शस्त्रक्रिया व्हावयाच्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीस गुळवेल देऊन तिचा गुण तुलनेने तपासला; १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेले ते निष्कर्ष, रुग्णसंख्या लहान असली तरी, आशादायक होते. पुढे करोनाकाळात घरोघरी काढे होऊ लागले, तेव्हा २०२१ मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली, आणि त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती काय, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. वनस्पतीची ओळख, मात्रा, रुग्णाची प्रकृती आणि परिणामांची नोंद यांचा निवाडा अभिमानाने होत नाही, तसा उपहासानेही होत नाही. त्यासाठी संहिता जाणणारा वैद्य, वनस्पतिशास्त्रज्ञ, औषधनिर्माता व संख्याशास्त्रज्ञ यांनी एकत्र बसावे लागते. अशाच कसोटीने चीनच्या तू यूयू यांनी जुन्या ग्रंथातील नोंदीचा माग काढून हिवतापावरील औषध प्रयोगशाळेत सिद्ध केले, आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता व्यवहाराचा तपशील. बी.ए.एम.एस.चा प्रवेश ‘नीट’नेच होतो, साडेचार वर्षांचे अध्ययन व एक वर्षाची आंतरवासिता अशी मुदत असून, त्यानंतर राज्याच्या भारतीय वैद्यक परिषदेकडे रीतसर नोंदणी झाल्यावाचून व्यवसाय करता येत नाही. वर्ध्याजवळ सालोड येथे महात्मा गांधी आयुर्वेद महाविद्यालय आहे, नागपुरास शासकीय महाविद्यालय आहे. पुढे पदव्युत्तर शिक्षण, अध्यापन, संशोधन, तसेच ग्रामीण उपकेंद्रांतील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचे पद, असे मार्ग खुले होतात. ज्यांना ‘नीट’ साधली नाही त्यांना औषधनिर्माणशास्त्र, वनस्पतिशास्त्र व कृषिशास्त्र यांतूनही या कार्यात शिरता येते. औषधी वनस्पतींची शुद्ध लागवड आणि भेसळीची पारख हे तर शेतकऱ्याच्या मुलामुलींना विशेष साजेसे काम आहे.

पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी महाविद्यालयाच्या रुग्णालयात एक सकाळ घालवावी आणि बाह्यरुग्ण विभागात रुग्ण खरोखर येतात की केवळ दप्तरी त्यांची नोंद आहे, हे स्वतः पाहावे. विद्यार्थ्याने मात्र स्वतःस एवढेच विचारावे: आपल्या औषधाचा गुण आला नाही, तर तसे प्रामाणिकपणे लिहून ठेवण्याचे धैर्य माझ्यापाशी आहे काय? असेल, तर त्याने निःशंक मनाने आयुर्वेदाकडे यावे. या शास्त्राला अशाच तरुणांची गरज आहे.