वाण्याचं दुकान किती लांब?

एक साधा प्रश्न. हॉस्टेलच्या खोलीतून निघाल्यावर मेस, झेरॉक्सवाला, चहाची टपरी आणि लायब्ररी गाठायला किती वेळ लागतो? मागच्या आठवड्यात मी घड्याळ लावून चाललो. सगळ्यात लांब लायब्ररी, ७ मिनिटं! म्हणजे चार वर्षं आपण पेट्रोलशिवाय दिवस निघेल अशा वस्तीत राहतो. घरी गेलं की मात्र ही चैन संपते.

मी अकरावीत असताना आमचं बिऱ्हाड पुण्याच्या सदाशिव पेठेतून शहराबाहेरच्या एका स्कीममध्ये आलं. फ्लॅट मोठा, हवा छान, पार्किंग भरपूर. पेठेत आजी रोज देवळात जायची, येताना भाजी घ्यायची, वाटेत दोन घरी गप्पा. इथे जवळचं दुकान नकाशावर ६०० मीटरवर, पण मध्ये दुभाजकाचा मोठा रस्ता. वळसा घालून दीड किलोमीटर! "मला कुणीतरी ने रे" हे वाक्य आजीच्या तोंडी पूर्वी कधी नव्हतं. आता बीपीच्या गोळ्यांसाठीसुद्धा ती आमची वाट बघत बसते.

आणि कबुली द्यायची तर टाउन प्लॅनिंगच्या सबमिशनला मी अगदी असाच लेआउट काढला होता. रुंद रस्ते, शेवटी बंद होणाऱ्या गल्ल्या. मार्कही चांगले पडले. सुट्टीत शीट घरी नेली, तर आजीने चष्मा लावून विचारलं, "यात वाणी कुठंय?" मी गप्प. मग जरा अभ्यास केला, तो थोडक्यात असा.

१) अंतर. माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो. ५ मिनिटं म्हणजे ४०० मीटर. एवढ्या त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे ५० हेक्टर. पण आपण कावळ्यासारखे सरळ उडत नाही! रस्त्यांची काटकोनी जाळी असेल तर ४०० मीटर चालून फक्त ३२ हेक्टर आवाक्यात येतात. गल्ल्या बंद असतील तर त्याहून कमी. म्हणजे गल्ल्या एकमेकींना जोडणं हे जवळजवळ फुकटात अंतर कमी करणं आहे.

२) घनता. समजा, एक किराणा दुकान चालायला ५०० कुटुंबं लागतात. हेक्टरी १० घरं असतील तर ३२ हेक्टरांत ३२० कुटुंबं, म्हणजे दुकानाला कुलूप. हेक्टरी ५० घरं असतील तर १६०० कुटुंबं, तीन दुकानं आरामात. यासाठी टॉवर लागत नाहीत, तीन मजली इमारतींत हे सहज बसतं.

३) सरमिसळ. जेन जेकब्ज यांनी १९६१ सालच्या पुस्तकात घरं, दुकानं, कामाच्या जागा एकत्र असाव्यात, ब्लॉक छोटे असावेत, असं ठासून मांडलं. रस्त्यावर दिवसभर माणसं असली की सुरक्षितताही आपोआप येते.

४) फूटपाथ. आयआरसी १०३ च्या २०१२ च्या आवृत्तीप्रमाणे चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कर्ब १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. आजीच्या गुडघ्यांना विचारा, तीही हेच सांगेल.

कल्पना नवी नाही. क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रादेशिक आराखड्यासाठी शाळा मध्यभागी ठेवून वस्तीचं एकक मांडलं. चंडीगढचं ८०० बाय १२०० मीटरचं सेक्टर त्याच विचाराचं, आत बाजाररस्ता आणि भोवती वेगवान रस्ते. पॅरिसमध्ये २०२० पासून गाजलेलं 'पंधरा मिनिटांचं शहर' हेही त्याच कुळातलं. पण एक मेख आहे. वस्तीभोवतीचा वेगवान रस्ता पायी जाणाऱ्यासाठी भिंत होतो. म्हणून नुसती वस्ती आखून भागत नाही, रस्ता ओलांडायची सोयही आखावी लागते.

आता कुणी म्हणेल, मग पेठच बरी की! तसं नाही. पेठेत आमच्या वाड्यापर्यंत अग्निशमनचा बंब आला नसता, आणि नळाला पाणी यायचं तेव्हा होणारी भांडणं मी विसरलेलो नाही. पेठेतलं अंतर घ्यावं, अडचण घेऊ नये.

असो. मी शीट पुन्हा काढली. बंद गल्ल्यांची टोकं पायवाटांनी जोडली, कोपऱ्यांवर तळमजल्याला गाळे दिले, मोठ्या रस्त्यावर दोन जागी सिग्नलसह क्रॉसिंग. मार्क काही वाढले नाहीत, सबमिशनची तारीखच उलटून गेली होती! आजीने मात्र घरापासून वाण्यापर्यंत बोट फिरवलं, मध्ये थांबली आणि म्हणाली, "इथे एक बाक टाक. पिशवी घेऊन एका दमात नाही जमत मला."

बाक काही मला सुचला नव्हता. तुमच्यापैकी जे उद्या खरे लेआउट काढतील, त्यांनी सही करण्याआधी शीट एकदा घरच्या आजीला दाखवावी, एवढीच विनंती.