हिवाळी वादळाचा माग

वादळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वैशाखातला वळीव येतो. दिवाळी सरली आणि थंडी पडू लागली, की आभाळाकडे फारसे कोणी पाहत नाही. वास्तविक वारणा आणि पंचगंगा या दोन नद्यांच्या मधल्या आपल्या हातकणंगले तालुक्याला आभाळाची खरी धास्ती वाटावी असा काळ हाच होय. उसाचा हंगाम ऐन भरात असतो. तोडणीसाठी दूरच्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे पाचटाच्या खोपीत राहत असतात. गुऱ्हाळाच्या अंगणात चिपाडे वाळत पडलेली असतात. वीटभट्टीवर कच्च्या विटांच्या रांगा उघड्यावर असतात. अशा वेळी दोन दिवस पाऊस लागला, तर भिजलेल्या चिपाडांवर चुलवाण पेटत नाही, चिखलातून उसाची गाडी निघत नाही आणि खोपीतल्या लेकराला कोरडी जागा उरत नाही. म्हणून हिवाळी वादळ कसे येते, आणि समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटर आत असलेल्या गावातून त्याचा माग कसा घेता येतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हिवाळी वादळ म्हणजे काय?

युरोपातही हिवाळ्यात मोठी वादळे होतात. उत्तरेकडची थंड हवा आणि दक्षिणेकडची उबदार हवा यांच्या तापमानातील फरक हे त्यांचे बळ. आपल्याकडची वादळे निराळ्या जातीची. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला 'उष्ण कटिबंधीय आवर्त' म्हणतात, ते हे वादळ. समुद्राचे पाणी साधारणपणे २६.५ अंश सेल्सिअसहून अधिक तापलेले असले, की त्याची वाफ वर जाते, थंड होते आणि ढग बनताना उष्णता बाहेर टाकते. त्या उष्णतेवर वादळ पोसले जाते. उत्तर गोलार्धात त्याचे वारे घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरतात.

अरबी समुद्रात अशा वादळांचे दोन हंगाम आहेत. पहिला मान्सूनच्या आगमनाच्या सुमाराचा, म्हणजे मे-जूनचा. दुसरा मान्सून परतल्यानंतरचा, ऑक्टोबर ते डिसेंबरचा. मधल्या पावसाळ्यात वरच्या थरांतले जोरदार वारे वादळाचा उभा मनोरा टिकू देत नाहीत. दुसऱ्या हंगामातील वादळे आपल्या लेखी 'हिवाळी'. त्यांच्या आठवणी जुन्या आहेत. नोव्हेंबर १८८८ मध्ये 'वैतरणा' ही आगबोट कच्छमधील मांडवीहून मुंबईकडे निघाली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडून उतारूंसह नाहीशी झाली. बिनतारी संदेशाची सोय तेव्हा नव्हती. वादळ पुढे आहे हे बोटीला कळविण्याचा मार्गच नव्हता.

हौशी निरीक्षकांची परंपरा

हवामानाचे शास्त्र केवळ वेधशाळेच्या आवारात वाढले, असे कोणी समजू नये. 'सायक्लोन' हा शब्द हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ मध्ये कलकत्त्यात रूढ केला. ते हवामान खात्याचे अधिकारी नव्हते. भारतात तसे खातेच त्या वेळी नव्हते. जहाजांच्या रोजनिश्यांतील वाऱ्याच्या नोंदी जुळवून त्यांनी वादळांचे मार्ग काढले. वादळाच्या टापूत सापडलेल्या निरनिराळ्या जहाजांनी निरनिराळ्या दिशांचे वारे नोंदवले होते. त्या दिशा नकाशावर मांडल्या, की मध्ये वादळाचे केंद्र आपोआप दिसू लागे. पुढे १८६४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्याला भीषण वादळाने झोडपले, त्यानंतर दुष्काळही पडले आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले.

आज उपग्रह आहेत, मुंबई व गोवा येथे डॉप्लर रडार आहेत. म्हणून हौशी माणसाच्या नोंदीचे मोल संपले काय? तसे वाटत नाही. वादळाचे केंद्र कोठे आहे हे उपग्रह दाखवतो. कुंभोजच्या शिवारात किंवा आळत्याच्या रानात त्याचा परिणाम केव्हा सुरू झाला, हे तेथील माणसानेच लिहून ठेवावे लागते.

तीन नोंदी

पहिली नोंद हवेच्या दाबाची. आता पुष्कळशा मोबाईलमध्येही दाबमापक असतो. परंतु त्याचा आकडा वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक म्हणजे उंची. आपला भाग समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे. त्यामुळे समुद्रकाठी दाब १०१२ हेक्टोपास्कल असतो तेव्हा आपल्याकडे तो ९५० च्या आसपासच असतो. वादळाच्या केंद्रातील दाब म्हणून बातमीत येणारा आकडा समुद्रसपाटीचा असतो. त्याच्याशी आपल्या यंत्रावरचा आकडा थेट ताडून पाहिला, तर स्वच्छ उन्हातही गावावर महाभयंकर वादळ आल्याचा निष्कर्ष निघेल!

दुसरी गोष्ट दाबाच्या रोजच्या भरती-ओहोटीची. उष्ण कटिबंधात सकाळी व रात्री दहाच्या सुमारास दाब चढलेला असतो, तर पहाटे व दुपारी चारच्या सुमारास उतरलेला असतो. हा फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा असू शकतो. म्हणून सकाळी दहाचा आकडा दुपारी चारच्या आकड्याशी ताडून 'दाब घसरला' असे म्हणणे व्यर्थ होय. आजच्या चारचा आकडा कालच्या चारशी ताडावा. त्याच वेळी, सलग दोन दिवस, दाब उतरत असेल तरच काहीतरी घडते आहे असे समजावे.

दुसरी नोंद वाऱ्याची. याला यंत्रही लागत नाही; देवळाच्या शिखरावरचे निशाण किंवा गुऱ्हाळाचा धूर पुरेसा आहे. डच शास्त्रज्ञ बॉइज बॅलट यांनी १८५७ मध्ये एक सोपा नियम सांगितला. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले, की कमी दाबाचे केंद्र आपल्या डाव्या हाताला असते. जमिनीच्या घर्षणामुळे ते प्रत्यक्षात डावीकडे व किंचित पुढे असते. हिवाळ्यात आपल्याकडे एरवी पूर्वेचा, ईशान्येचा कोरडा वारा असतो. नैर्ऋत्येला, समुद्रात, वादळ असेल तर हा वारा आग्नेयेकडे वळतो आणि दमट लागू लागतो. वादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकले, तर वारा क्रमाने दक्षिणेचा व नंतर नैर्ऋत्येचा होतो. तेव्हा केंद्र आपल्याला ओलांडून पुढे गेले असे समजावे.

तिसरी नोंद आभाळाची. चंद्राला खळे पडले की पाऊस येतो, असे आपल्याकडील वडीलधारी माणसे सांगतात. या समजुतीला आधार आहे. फार उंचावरच्या पातळ ढगांतील हिमकणांतून चंद्राचा प्रकाश वळतो आणि खळे दिसते. असे ढग मोठ्या वादळाच्या माथ्यावरून शेकडो किलोमीटर दूर पसरतात. परंतु असे ढग वादळाविनाही येतात. म्हणून एकट्या खळ्यावर विसंबू नये. दाब, वारा आणि आभाळ या तिन्ही साक्षी जुळाव्यात.

नकाशावरचे वादळ आणि शिवारातले वादळ

चक्रीवादळ झाले की हवामान खात्याची पत्रके दर तीन तासांनी निघतात. किनाऱ्यावरच्या बंदरांत बावटे चढतात. पत्रकासोबतच्या नकाशात केंद्राचा संभाव्य मार्ग रेषेने दाखवलेला असतो आणि त्या रेषेभोवती पुढे पुढे रुंद होत जाणारा पट्टा असतो. पाहणाऱ्याची नजर रेषेवर खिळते. तथापि, अधिक महत्त्वाचा तो पट्टा. केंद्र त्यातून कोठूनही जाऊ शकते, आणि पाऊस तर पट्ट्याच्या बाहेरही पडू शकतो.

तीन उदाहरणे पाहू. 'फयान' वादळाचा प्रारंभ ९ नोव्हेंबर २००९ रोजी लक्षद्वीपच्या बाजूला झाला आणि ११ तारखेच्या दुपारी ते अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. अवघे दोन दिवस. कोकणातील अनेक मच्छीमार त्यात समुद्रावर बळी पडले. 'ओखी' वादळ ३० नोव्हेंबर २०१७ रोजी कन्याकुमारीजवळ झपाट्याने तयार झाले. केरळ व तमिळनाडूचे पुष्कळ मच्छीमार त्याआधीच समुद्रात गेले होते आणि शेकडो घरांतील माणसे परतली नाहीत. तेच वादळ पुढे लक्षद्वीपवरून वळून गुजरातच्या दिशेने निघाले. त्याच्या पावसाच्या भीतीने मुंबईतील शाळांना ५ डिसेंबरला सुटी द्यावी लागली. परंतु थंड पाणी, कोरडी हवा आणि वरच्या थरांतले आडवे वारे यांमुळे गुजरातच्या किनाऱ्याशी पोचेपर्यंत त्याचा जोर ओसरला.

तिसरे उदाहरण अधिक बोलके आहे. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत अरबी समुद्रात केवळ कमी दाबाचे क्षेत्र होते. ते चक्रीवादळ झाले नाही, म्हणून त्याला नावही मिळाले नाही. मात्र त्याच वेळी उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभ आला आणि दोहोंच्या संगमाने महाराष्ट्रात पाऊस व गारठा एकदम आला. पुणे जिल्ह्यात आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात उघड्यावरची शेकडो मेंढरे गारठून मेली. द्राक्षबागांचे नुकसान झाले. नावाच्या वादळाची वाट पाहत बसलेल्या माणसाला यातले काहीच आधी दिसले नसते.

यावरून लक्षात येईल की, केंद्राचा माग घेणे म्हणजे वादळाचा माग घेणे नव्हे. देशावरच्या गावाला वाऱ्याच्या वेगाहून पावसाचा आणि गारठ्याचा धोका बहुधा अधिक. समुद्रातल्या त्या ठिपक्याचे वर्गीकरण काय झाले, यापेक्षा आपल्याकडचा वारा कालपासून कोणत्या दिशेचा आहे, हा प्रश्न गुऱ्हाळवाल्याच्या दृष्टीने मोलाचा आहे.

हौशी माणसाची जबाबदारी

एक गोष्ट शेवटी स्पष्ट सांगितली पाहिजे. निरीक्षण करणे आणि इशारा देणे ही दोन वेगळी कामे आहेत. इशारा हवामान खात्याने द्यावा. त्याच्यापाशी समुद्रावरची माहिती असते, ती आपल्यापाशी नसते. जुन्या वादळाचे छायाचित्र आजचे म्हणून मोबाईलवरून फिरवणारा माणूस हौशी निरीक्षक नव्हे, तो अफवा पसरविणारा होय. खोट्या इशाऱ्याचीही किंमत पडते. फडातली तोड थांबली की मजुराचा दिवस बुडतो, आणि दोनदा फसलेला माणूस तिसऱ्यांदा खऱ्या इशाऱ्यालाही हलत नाही.

मग आपण काय करावे? खात्याचे पत्रक वाचावे, त्याची तारीख व वेळ पाहावी, आपल्या वहीतील तीन नोंदींशी ते ताडावे आणि जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगावे. 'उद्या वादळ येणार' असे न म्हणता 'पत्रकात पावसाची शक्यता सांगितली आहे, दाब दोन दिवस उतरतो आहे, वारा आग्नेयेचा झाला आहे. चिपाडे झाकून ठेवलेली बरी' असे म्हणावे. चिपाडांवर ताडपत्री घालायला अर्धा तास लागतो. पाऊस आला नाही तर गेला तो अर्धा तासच. पण आला, तर दुसऱ्या दिवशी चुलवाण पेटते, आणि वेळीच सांगितले असेल तर खोपीतली लेकरे रात्री शाळेच्या पडवीत कोरडी झोपतात.

आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थी तालुक्याच्या गावोगावांहून येतात. प्रत्येक गावातील एकाने जरी कार्तिकापासून पौषापर्यंत रोज ठरलेल्या वेळी या तीन नोंदी केल्या, तरी भूगोल विभागात साऱ्या तालुक्याचा हिवाळा एका वहीत उतरेल. त्यासाठी एक वही, एक ठरलेली वेळ आणि न चुकता लिहिण्याची सवय एवढेच भांडवल लागते.