आगीची वाट

ब्रॅम्प्टन, १२ सप्टेंबर

चि. छकुली,


बॅरीतल्या नव्या घराची बातमी ऐकून मामीने देवापुढे साखर ठेवली. गॅस फायरप्लेसचे तू पाठवलेले चारही फोटो पाहिले. "मामा, ज्वाला कुठली छान दिसते ते सांग," असं तू विचारलंस. बाळा, ज्वाला चारही छान आहेत. पण बावीस वर्षं ओंटारिओत घरोघरी जाऊन मी ही फायरप्लेसं उघडून साफ केली आहेत, म्हणून सांगतो, ज्वाला सगळ्यात शेवटी बघ. आगीला हवा कुठून मिळते आणि जळून उरलेलं कुठून बाहेर जातं, ते आधी बघ.

तुझ्या जन्मानंतर साताऱ्याच्या घरात ताईच्या खाटेखाली आई निखाऱ्यांची शेगडी सरकवायची. थंडी कितीही असली तरी खिडकीची एक झडप ती उघडीच ठेवायला लावायची. "कोंडलेला विस्तव माणूस खातो," म्हणायची. कार्बन मोनॉक्साइड हा शब्द तिच्या कानावर कधी पडला नव्हता, पण त्याची ओळख तिला पक्की होती. इथे फायरप्लेस दुरुस्तीचं काम शिकलो तेव्हा पुस्तकात मला तिचीच झडप दिसली.

आता निवडीचं. भाचेजावयांनी बफेलोच्या दुकानात पाहिलेलं स्वस्त मॉडेल विसरून जा. ते बिनधुराड्याचं आहे. गॅस जळून जे काही तयार होतं ते सगळं, पाण्याच्या वाफेसकट, त्याच खोलीत राहतं. सीमेपलीकडच्या काही राज्यांत अशी विकतात, कॅनडात घरात बसवायला परवानगी नाही, आणि ते योग्यच आहे.

तू डायरेक्ट व्हेंट घे. त्याची काच गॅस्केटने घट्ट बंद असते आणि भिंतीतून एकात एक असे दोन पाइप बाहेर जातात. आतल्या पाइपातून जळलेला वायू बाहेर पडतो, बाहेरच्या पाइपातून आगीसाठी ताजी हवा येते. म्हणजे घरातल्या हवेचा आणि आगीचा संबंधच उरत नाही. तुझी खोली बाहेरच्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे पाइपही आखूड लागेल.

आकाराचा मोह नको. दुकानदार ४०,००० बीटीयूचं दाखवील, पण तुझ्या खोलीला २०,००० ते २५,००० पुष्कळ झाले. मोठं घेतलंस तर दहा मिनिटांत घाम फुटेल, बंद करशील, पुन्हा गार वाटलं की लावशील. ज्वाला बरीच खाली आणता येते ना, ते विचार. एनरगाइडचा, म्हणजे कार्यक्षमतेचा आकडाही विचार. तो टक्क्यांत असतो. ५० असेल तर जळलेल्या गॅसची निम्मीच ऊब खोलीत उतरते. ६०च्या पुढचं शोध.

पायलटचे, म्हणजे मुख्य आग पेटवणाऱ्या छोट्या ज्योतीचे, दोन प्रकार असतात. जुन्या पद्धतीत छोटी ज्योत अखंड जळते. तिच्याच उष्णतेवर थोडी वीज तयार होते आणि ती गॅसची झडप उघडी धरते, म्हणून वीज गेली तरी फायरप्लेस चालतं. डिसेंबर २०१३च्या बर्फवादळात टोरांटोत सुमारे तीन लाख ग्राहकांची वीज गेली होती, तेव्हा शेजारची दोन कुटुंबं आमच्या दिवाणखान्यात अशाच फायरप्लेसपुढे झोपली. पण अखंड ज्योत म्हणजे उन्हाळ्यातही गॅस जळत राहतो. नव्या पद्धतीत पायलट लागेल तेव्हाच ठिणगीने पेटतो. तू हाच घे, फक्त वीज गेल्यावर बॅटरीवर चालतो याची खात्री कर. बॅटऱ्या आत बसवून वर्षभर विसरू नकोस, त्या झिरपतात. जवळच्या खणात ठेव, आणि घरात सगळ्यांना तो खण माहीत असू दे.

तुझी परी आता रांगते, म्हणून काचेबद्दल नीट वाच. ही काच २०० अंश सेल्सियसच्या वर तापू शकते आणि बंद केल्यावरही बराच वेळ गार होत नाही. २०१५पासूनच्या नव्या मॉडेलांना यासाठी पुढे जाळी येते. जाळीने ज्वाला अंधूक दिसते म्हणून लोक ती काढून माळ्यावर टाकतात. तू काढायची नाहीस. फोटोतलं तिसरं मॉडेल कुणाच्या तरी घरातून काढलेलं जुनं आहे आणि त्याला जाळी नाही. एवढ्या एका कारणासाठी ते नको.

बसवायला टीएसएसएकडे, म्हणजे ओंटारिओत गॅसच्या कामांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे, नोंदलेला कंत्राटदारच बोलाव. ओळखीतल्या हुशार माणसाने रविवारी येऊन गॅसची लाइन जोडायची नसते. मीसुद्धा निवृत्त झाल्यावर परवाना सोडला, त्यामुळे तुझ्या घरी पाना हातात घेणार नाही.

आता जे सांगायला मला जड जातं, ते सांगतो. डिसेंबर २००८मध्ये याच ओंटारिओतल्या वुडस्टॉक गावात आई, वडील आणि दोन मुलं असं अख्खं कुटुंब गेलं. गॅस फायरप्लेसची बाहेर जायची वाट तुंबली होती आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू घरात भरत राहिला. त्या वायूला ना रंग, ना वास. घरात तो ओळखणारा अलार्म नव्हता. त्या घरातल्या बाईचे काका आगीच्या बंबावर नोकरी केलेले गृहस्थ. ते दुःख घेऊन ते गप्प बसले नाहीत, वर्षानुवर्षं दारोदार बोलत राहिले. २०१३मध्ये हॉकिन्स-जिन्यॅक कायदा झाला आणि पुढे त्यानुसार ओंटारिओत इंधन जाळणारी उपकरणं असलेल्या घरांत हा अलार्म सक्तीचा झाला. तुझ्या घरी प्रत्येक मजल्यावर एक अलार्म हवा, आणि झोपायच्या खोल्यांजवळ हवाच. महिन्यातून एकदा बटण दाबून आवाज ऐक. त्याच्या पाठीवरची मुदत संपली की आवाज येत असला तरी नवा आण. अलार्म वाजला, किंवा घरात सगळ्यांचंच डोकं दुखून मळमळायला लागलं, तर परीला उचल, बाहेर पड आणि मग ९११ला फोन कर. कुजक्या अंड्याचा वास आला तर तो न जळलेला गॅस असतो. तेव्हाही दिव्याचं बटणसुद्धा न दाबता बाहेर.

राहिली निगा. दर सप्टेंबरात तंत्रज्ञ बोलाव, डिसेंबरात कुणी मोकळा सापडत नाही. पायलटच्या बारीक भोकात कोळी जाळं करतो, गॅस्केट झिजतं, पंख्यात धूळ बसते, हे सगळं त्याला बघू दे. काचेवर येणारा पांढुरका थर तू काढ, पण काच पूर्ण गार झाल्यावर आणि फायरप्लेसच्या काचेसाठी मिळणाऱ्या क्लीनरनेच. अमोनियाचा नको. थर वर्षानुवर्षं राहिला तर काच कायमची आंधळी होते. आतली खोटी लाकडं पुस्तिकेतल्या चित्राप्रमाणेच राहू देत. एका घरी बाईंनी ती जरा आडवी रचली होती, दिसायला खरंच छान दिसत होती. ज्वाला लाकडांवर आपटत राहिली आणि दिवाळीपर्यंत काच काजळीने काळी. काजळी म्हणजे आग अर्धपोटी जळते आहे. ती दिसली, किंवा पेटताना धप्प असा आवाज आला, तर बंद कर आणि तंत्रज्ञाला बोलाव.

बॅरीला सरोवरावरून येणारं हिम रात्रीत गुडघाभर साचतं. भिंतीबाहेरचं पाइपाचं ते तोंड बुजलं, तर पुस्तकातलं सगळं शहाणपण वाया. ड्राइव्हवे साफ करायला फावडं घ्याल तेव्हा आधी ते तोंड मोकळं करा. आईची झडप ती हीच, आता फक्त भिंतीच्या बाहेर गेली आहे.

पहिला बर्फ पडला की मामीला घेऊन येतो. दाराशी आलो तरी लगेच बेल वाजवणार नाही. घराला वळसा घालून ते तोंड पाहीन, आणि मग परीला उचलून घ्यायला आत येईन.

तुझा,
मामा