आशा आणि अपेक्षा



विश्वास, आशा आणि प्रीती या तीन ईश्वरी सद्गुणांपैकी विश्वासावर व प्रीतीवर आपण पुष्कळ प्रवचने ऐकतो. आशा मात्र मधल्या भावंडासारखी दुर्लक्षित राहते. पोप फ्रान्सिस यांनी २०२५ च्या ज्युबिली वर्षासाठी 'आशेचे यात्रेकरू' हा विषय दिला होता. ते वर्ष संपले. तो धडा आपल्या घरापर्यंत पोहोचला का, हे आज पाहू या.

आशा आणि अपेक्षा हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. पण घरात त्यांचे काम वेगवेगळे असते. मुलाने इतके मार्क आणावेत, सुनेने असेच वागावे, नवऱ्याने न सांगता ओळखावे, ही अपेक्षा. ती पुरी झाली नाही की आपण चिडतो आणि 'हा काही सुधारायचा नाही' असा निकाल देऊन टाकतो. आशा असा निकाल देत नाही. या माणसात देवाचे काम अजून संपलेले नाही, असे ती मानते.

लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात धाकटा मुलगा अजून दूर असतानाच बापाला दिसतो. याचा अर्थ, बापाची नजर रस्त्याकडे लागलेली होती. थोरल्याने मात्र केव्हाच नाते तोडले होते. बापाशी बोलताना तो 'भाऊ' हा शब्दसुद्धा टाळतो. दोघांचे दुःख एकाच माणसामुळे होते. बाप आशेने जगला, थोरला मनातल्या मनात कुढत राहिला.

आपल्या पळस्पे फाट्यावर पुण्याचा आणि गोव्याचा रस्ता वेगळा होतो. अशा रस्त्यांच्या कडेला फाटक्या कपड्यांत, स्वतःशीच बोलत चाललेली माणसे आपण पाहतो. तीही कोणाची तरी मुले, कोणाचे तरी आईवडील असतात. मुंबईचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ साली श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन सुरू केले. २००६ पासून आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळ, त्यांचे केंद्र आहे. तेथे अशा रुग्णांवर मोफत उपचार होतात. मन सावरले की रुग्णाला गावाचे, घरच्यांचे नाव आठवू लागते. मग कार्यकर्ते त्याला घरी पोहोचवतात आणि आजाराविषयी घरच्यांना समजावून सांगतात. अशी हजारो माणसे घरी परतली. या कार्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगाने ज्यांना सोडून दिले, त्यांनाही परतीची वाट असते, हे आपल्या शेजारीच सिद्ध झाले आहे.

आशा हा काही नशिबाने मिळणारा स्वभाव नाही. संत पौल सांगतात की संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा निर्माण होते (रोम ५:३-४). अमेरिकन मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्नायडर यांनीही आशेचे दोन भाग सांगितले : पुढे जाण्याचा मार्ग शोधणे आणि त्या मार्गाने चालण्याची उमेद ठेवणे. म्हणजे आशेला हातपाय हलवावे लागतात. अबोला असेल, तर पहिला शब्द आपण बोलायचा. मुलगा नापास झाला, तर पुढच्या अभ्यासाचे वेळापत्रक त्याच्याबरोबर बसून करायचे.

मात्र आशा म्हणजे मुकाट्याने मार खाणे नव्हे. मारहाण होत असेल, तर आधी सुरक्षित जागी जावे. व्यसन असेल, तर उपचार घ्यावेत. मन सतत उदास राहत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांचाही सल्ला घ्यावा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. मदत मागितल्याने विश्वास कमी ठरत नाही.

कुटुंबात चिंतनासाठी :

१. कोणाविषयी आपण 'आता काही उपयोग नाही' असे म्हणून टाकले आहे?

२. त्या व्यक्तीकडून आपली अपेक्षा कोणती आणि तिच्याविषयी आपली आशा कोणती?

३. पुढच्या रविवारच्या मिस्सापूर्वी तिच्यासाठी आपण कोणती एक छोटी गोष्ट करू?