नवा पैसा आणि संगणकाची कालगणना

१ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती अमलात आली. आपली बारडोली त्या वेळी मुंबई राज्यात होती. आदल्या दिवसापर्यंत दुकानदाराच्या वहीत एक रुपया म्हणजे सोळा आणे किंवा चौसष्ट पैसे असत. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर पैसे झाले. नाव तेच ठेवून केवळ किंमत बदलली असती, तर जुन्या उधारीतील पैसा कोणता आणि नव्या उधारीतील कोणता, याचा उलगडा होणे कठीण झाले असते. म्हणून शासनाने रुपयाच्या किमतीस हात लावला नाही आणि ज्याची किंमत बदलली त्यास ‘नया पैसा’ असे वेगळे नाव दिले. जुनी पावली पंचवीस आणि अधेली पन्नास नव्या पैशांना चालत राहिली. नवे माप लोकांच्या अंगवळणी पडल्यावर १ जून १९६४ पासून ‘नया’ हा शब्द गळाला.

विद्यार्थिमित्रांनो, असाच एक बदल आज संगणकाच्या जगात चालू आहे. तेथे बदलावयाचे आहे ते कालाचे माप.

युनिक्स परंपरेतील संगणक वर्ष, महिना, दिवस असे वेगवेगळे मोजीत नाहीत. १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून किती सेकंद लोटले, एवढी एकच संख्या ते जपतात. पूर्वी ह्या संख्येसाठी ३२ बिटांची, म्हणजे ३२ द्विमान अंकस्थानांची, जागा राखलेली असे. त्यांपैकी एक स्थान धन-ऋण चिन्हाकडे जाते. उरलेल्या ३१ स्थानांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ ही होय. इतके सेकंद मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी पुरे होतील. पुढच्याच सेकंदाला संख्या ऋण होईल आणि असा संगणक डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पोहोचेल.

चिन्हाचे स्थानही मोजणीसाठी वापरले तर मुदत २१०६ पर्यंत वाढते; परंतु मग १९७० पूर्वीचा काळ लिहिता येत नाही. १९४२ साली जन्मलेल्या आजोबांची जन्मतारीख अशा संगणकाने कोठे ठेवावी? खरा उपाय म्हणजे जागा ६४ बिटांची करणे. मग मोजणी सुमारे २९,२०० कोटी वर्षे पुरते.

तर मग जागा रुंद करून मोकळे का होऊ नये? अडचण येथेच आहे. आज्ञावली आणि कार्यप्रणाली यांच्यामध्ये एक अलिखित करार असतो. जुनी आज्ञावली वेळ विचारते तेव्हा उत्तरासाठी ३२ बिटांचेच घर मोकळे ठेवते आणि त्यास लागून दुसरी माहिती मांडते. कार्यप्रणालीने तेथे ६४ बिटांचे उत्तर लिहिले, तर अर्धे उत्तर शेजारच्या घरावर सांडेल आणि तेथील माहिती पुसली जाईल. खतावणीतील एक रकाना एका कारकुनाने परस्पर रुंद केला आणि दुसरा जुन्याच मापाने वाचीत राहिला, तर जे होईल तेच हे. शिवाय जुन्या फायलींतही तारखा अरुंद घरांतच लिहिलेल्या असतात.

ह्यावर निरनिराळ्या मंडळींनी निरनिराळे मार्ग काढले. ओपनबीएसडीने २०१४ साली सर्व काही एकदम ६४ बिटांवर नेले आणि जुन्या तयार आज्ञावलींशी असलेला संबंध तोडला. त्यांची प्रणाली व तिची साधने एकाच ठिकाणी नव्याने बांधली जात असल्याने त्यांना हे साधले. नेटबीएसडीने २०१२ सालीच माप रुंद केले होते. पण जुन्या आज्ञावलींसाठी जुनी दारे उघडी ठेवली होती. लिनक्समध्ये तर चालती आज्ञावली मोडावयाची नाही, असा दंडकच आहे. म्हणून २०१९ साली तेथे ३२ बिटांच्या यंत्रांसाठी वेळ विचारण्याची नवी दारे नव्या नावांनी उघडली गेली. जुनी दारे जुन्यांसाठी राहिली.

डेबियन ह्या लिनक्स-संचाने २०२४ साली केलेले काम तर ‘नया पैसा’ची आठवण करून देणारे आहे. ज्या सामायिक संग्रहांतील कालाचे माप बदलले, त्यांच्या नावांना ‘टी६४’ अशी शेपटी जोडली, जेणेकरून जुन्या मापाची आज्ञावली चुकून नव्या मापाच्या संग्रहाशी जोडली जाऊ नये. इंटेलच्या जुन्या ३२ बिटांच्या यंत्रांसाठी असलेला संच मात्र त्यांनी मुद्दाम तसाच ठेवला. कारण त्याचा मुख्य उपयोगच जुन्या आज्ञावली चालविणे हा आहे.

२०३८ साल दूर आहे, असे म्हणून स्वस्थ बसता येत नाही. आज वीस वर्षांचे कर्ज घेणाऱ्याच्या शेवटच्या हप्त्याची तारीख त्या सकाळच्या पलीकडे जाते. यंत्रांच्या पोटात बसविलेले लहान संगणक तर वर्षानुवर्षे कोणी उघडूनही पाहत नाही.

आज नववी-दहावीत असलेले विद्यार्थी त्या वेळी ऐन कर्त्या वयात असतील आणि उरलेल्या दुरुस्तीचा काही भार त्यांच्यावर येईल. त्यांनी एवढे ध्यानी ठेवावे, की नवे माप तयार करणे हे निम्मे काम होय. जुन्या मापावर विसंबून असलेल्यांचा हिशेब न बिघडविता त्यांना नव्या मापापर्यंत आणणे, हे उरलेले निम्मे. आणि तेच अधिक कठीण. ज्याचा अर्थ बदलला त्यास नवे नाव द्यावे, ज्याचा बदलला नाही त्यास हात लावू नये, आणि जुने नाणे शेवटचा माणूस बदलून घेईपर्यंत चालू द्यावे. १९५७ साली आपल्या बाजारपेठांनी हा धडा गिरविला होता. आता तो यंत्रांना शिकवावयाचा आहे.